चौदा टक्क्यांवरचा संसार

स्मार्टवॉच विकणाऱ्याला बॅटरी किती चालते हे विचारण्यात अर्थ नसतो. "वापरावर आहे, मॅडम," असं तो म्हणतो. वापरावर तर चप्पलही असते आणि जावईही असतो. खोक्यावर ठळक अक्षरांत 'सात दिवस' छापलेलं असतं. ते सात दिवस कोणी, कुठे आणि कोणत्या ऋतूत काढले, याबद्दल खोकं गप्प.

मोठ्या कंपन्या निदान बारीक अक्षरांत हिशेब देतात. ॲपलचं पहिलं घड्याळ २०१५मध्ये आलं तेव्हा कंपनीने १८ तासांचा शब्द दिला होता आणि त्या १८ तासांत माणूस काय काय करेल तेही लिहून ठेवलं होतं. तो ९० वेळा वेळ बघेल, त्याला ९० नोटिफिकेशन येतील, ४५ मिनिटं तो ॲप वापरेल आणि ३० मिनिटं गाणी ऐकत व्यायाम करेल. मला या माणसाचा फार हेवा वाटला. अख्ख्या दिवसात नव्वद नोटिफिकेशन! आमच्या 'सासरची मंडळी' या ग्रुपवर आषाढी एकादशीला तेवढी सकाळी सातच्या आत येतात. त्या माणसाला नणंदा नसाव्यात.

माझं घड्याळ ॲपलचं नाही. मध्यम किमतीचं आहे, दिवाळीच्या सेलमध्ये लेकीने निवडलेलं. फोनची बॅटरी ५००० मिलिॲम्पिअर-अवरची, याची ३००ची. म्हणजे फोनच्या वाट्याचा सोळावा-सतरावा हिस्सा. एवढ्याशा शिदोरीवर त्याने माझं हृदय, माझी पावलं, झोप, ताण, रक्तातला ऑक्सिजन आणि नागपूरजवळच्या बुटीबोरीचं हवामान या सगळ्यांवर नजर ठेवायची.

माझा दिवस पहाटे पाचच्या आधी सुरू होतो. नागपूरच्या अंबाझरी तलावाला फेरी, घरी येऊन डबे, मग छत्रपती चौकातून कंपनीची बस. बुटीबोरीला आमच्या कारखान्यात मी डिस्पॅचला आहे. गोडाऊन ते ऑफिस आणि ऑफिस ते गेट एवढी पायपीट दिवसभर होते की वेगळ्या व्यायामाची गरज नाही, असं कोणालाही वाटेल. डॉक्टरांना वाटत नाही. म्हणून संध्याकाळी घरी आल्यावर, आठ वाजता, त्रिमूर्तीनगरच्या एका हॉलमध्ये झुंबा. हॉलच्या पायऱ्या चढताना मी मनगटाकडे बघते. १४ टक्के. वॉर्म-अप संपेस्तोवर १२. मग ती लाल रेघ येते आणि भांगड्याच्या ऐन मधोमध मनगटावर अंधार पडतो.

ज्यांच्याकडे स्मार्टवॉच नाही त्यांना यात काय एवढं, असं वाटेल. पण मनगटावर अंधार झाल्यावर हातपाय चालवायची इच्छाच राहत नाही. आमच्या बॅचमधल्या एक काकू आहेत, सूनबाईंनी घड्याळ दिलेल्या. त्यांचं घड्याळ बंद पडलं की त्या सरळ खाली सतरंजीवर बसतात. ट्रेनर पोरगी म्हणते, "काकू, उठा ना, अजून दोन गाणी आहेत." काकू म्हणतात, "मोजूनच नाही राहिलं बाप्पा, मग कायले नाचू?" सगळ्या हसतात. मी पण हसते, पण मनातून काकूंच्या बाजूने असते.

आमच्या घरात सर्वांचं एकमत होतं की बॅटरी माझ्या व्यायामामुळे संपते. हे मत मुख्यतः ह्यांचं. ह्यांच्या दृष्टीने जगातल्या बऱ्याच समस्यांचं मूळ माझ्या व्यायामात आहे; पहाटेच्या चहाला होणारा उशीर त्यातला पहिला. तेव्हा मी एका रविवारी फोनवरच्या ॲपमध्ये बॅटरीचा आलेख काढून बसले. आम्ही डिस्पॅचवाले, माल कुठून निघाला आणि वाटेत कुठे गळला हे शोधणं आमच्या रक्तात आहे. आलेखात दिसलं ते असं: पाऊण तासाच्या फेरीत आलेख झपकन उतरतो खरा, पण त्यानंतर तो दिवसभर, थेंब थेंब, न थांबता गळतच राहतो. व्यायाम मोठी नोट मोडतो, पण खिसा रिकामा होतो तो सुट्या पैशांनी. आणि हे सुटे पैसे जात कुठे होते? पोळ्यांत.

पोळ्यांत म्हणजे शब्दशः पोळ्यांत. मनगट उचललं की स्क्रीन उजळते, ही सोय ज्या इंजिनिअरने केली त्याने जन्मात कधी लाटणं हातात धरलं नसावं. मनगटावरचा सेन्सर हाताची हालचाल आणि कल ओळखतो, आणि हात वळला की समजतो, बाईंना वेळ बघायची आहे. पोळी लाटताना मनगट काय करतं? पुढे, मागे, थोडं फिरवून परत पुढे. पोळी पोळपाटावर फिरते, स्क्रीन उजळते. पोळी तव्यावर जाते, स्क्रीन उजळते. उलटली, उजळली. फुगली की मी हात वर करून फडक्याने दाबते, तेव्हा तर लखलखतेच. चार जणांचे डबे आणि घरच्या पोळ्या होईस्तोवर स्वयंपाकघरात दिवाळी चाललेली असते आणि वर घड्याळाचा असा समज की बाई आत्ता चालून राहिल्या. मग ते पावलंही मोजतं. ओट्यापासून एक वीतभर न हलता मी रोज सकाळी त्रिमूर्तीनगर चौकापर्यंत जाऊन येते.

ती सोय बंद केली. आता वेळ बघायची तर दुसऱ्या हाताने बटण दाबायचं. दुसरा हात कणकेत. बसची वेळ तर बघायलाच हवी. माणसाला देवाने नाक कशाला दिलं आहे याचा शोध मला अशा एका सकाळी लागला. मनगट तोंडाजवळ आणायचं आणि नाकाच्या शेंड्याने स्क्रीनवर टिचकी मारायची. छान चालतं. फक्त फोडणी चढलेली असताना करू नये. एकदा घड्याळावर शिंक आली आणि तिने थेट 'व्यायाम सुरू करा' दाबलं. हे दाराशी उभे होते. "काय हुंगून राहिली?" म्हणाले. मी म्हटलं, "साडेसहा."

पोळ्यांच्या खालोखाल नातेवाईक. प्रत्येक मेसेजला घड्याळ थरथरतं. आत एक इवलीशी मोटर असते, ती हलते, स्क्रीन उजळते, ब्लूटूथवरून फोनशी बोलणं होतं. एवढा सगळा खटाटोप कशासाठी, तर भंडाऱ्याच्या आत्यासासूबाईंनी पाठवलेल्या वाफाळत्या चहाच्या कपासाठी, ज्यावर 'सुप्रभात' लिहिलेलं असतं. त्याला चौतीस जण हात जोडतात. ते जोडलेले हात चौतीस वेळा माझ्या मनगटावर थरथरतात. हिशेब केला तर आत्यासासूबाईंचा एक चहा मला अंबाझरीच्या एका वळणाएवढा पडतो. सगळ्या ग्रुपच्या नोटिफिकेशन मी घड्याळावर बंद केल्या. फोन कॉल, ऑफिसचे मेसेज आणि लेकीचे तेवढे ठेवले. बॅटरीत जेवढा फरक या एका गोष्टीने पडला, तेवढा दुसऱ्या कशानेच नाही. मनःशांतीत पडला तो वेगळा, पण तो ॲप दाखवत नाही.

तरीही पहाटेच्या फेरीत वाट नोंदवणाऱ्या जीपीएसचा खर्च खोटा नाही. उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, तिथून येणारा संदेश अतिशय क्षीण, आणि तो ऐकायला मनगटावरच्या त्या जिवाला कान टवकारून बसावं लागतं. झाडांखाली, इमारतींच्या मध्ये ते आणखी अवघड. आणि उपग्रह सापडण्याआधीच चालायला लागलं, तर त्याची शोधाशोध लांबते आणि नोंदीत मी अंबाझरी तलावाच्या पाण्यावरून चाललेली दिसते. म्हणून आधी फोनशी सिंक करून घ्यायचं, म्हणजे उपग्रह कुठे आहेत याची ताजी माहिती घड्याळाला मिळते. मग मोकळ्या आभाळाखाली जरा वेळ स्वस्थ उभं राहायचं. मी पहाटे पूर्वेकडे तोंड करून, डावा हात जरा पुढे धरून, डोळे मनगटावर लावून उभी असते. येणारे-जाणारे काका मला नमस्कार करतात. एकाने तर विचारलंही, "ताई, अर्घ्य देता का रोज? पाणी नाही आणत?" त्या श्रद्धाळू माणसाला उपग्रहाचं कसं सांगणार? मी म्हटलं, "मानसपूजा."

फोन खिशात घेऊन चालणार असाल तर घड्याळाचं जीपीएस बंद ठेवून फोनचं वापरता येतं, आणि तोच शहाणपणाचा मार्ग आहे. पण मग माझ्या पंजाबी ड्रेसला खिसा का नाही, हा विषय निघतो, आणि तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

रात्री घड्याळाच्या पाठीतून हिरवा उजेड निघतो. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेतं. ठोक्यागणिक रक्त कमी-जास्त होतं तसा परत येणारा उजेडही कमी-जास्त होतो, त्यावरून नाडी मोजली जाते. व्यायामात हे सतत चालू हवं. एरवी दर दहा मिनिटांनी पुरतं. हे मला ठाऊक आहे. आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना, ठाऊक नव्हतं. रात्री पाणी प्यायला उठल्या आणि माझ्या पांघरुणातून हिरवं काहीतरी लुकलुकताना बघून त्यांनी आधी रामरक्षा म्हटली आणि नंतर मला उठवलं. सकाळी घड्याळाने माझी झोप खराब झाल्याचा शेरा दिला. खराब झाली, कारण तूच चमकत होतास, हे त्याला सांगायची सोय नाही. रात्रीची ऑक्सिजनची मोजणी मी त्याच दिवशी बंद केली. ती पण बरंच खाते, आणि मी काही सियाचीनला झोपत नाही.

ही झाली हिवाळ्यातली रडकथा. मार्च उलटला की नागपुरात वेगळाच खेळ सुरू होतो. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता सोसत नाही. ती तापत राहिली की तिची ताकद कायमची उतरत जाते. ॲपल आपल्या घड्याळासाठी ० ते ३५ अंशांची हवा योग्य म्हणते. मे महिन्यात आमच्याकडे ३५ अंश ही रात्री जेवणानंतर शतपावलीची हवा असते, लोक म्हणतात, "आज बरं वाटून राहिलं." २३ मे २०१३ला इथे ४७.९ अंशांची नोंद झालेली आहे. मे २०२४मध्ये तर शहरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले, देशभर बातमी झाली, आणि मागाहून हवामान खात्याने खुलासा केला की सेन्सर बिघडला होता. आमच्या गल्लीत बातमीचं कोणालाच आश्चर्य वाटलं नव्हतं. खुलाशाचं वाटलं.

तर, तापलेलं घड्याळ चार्जरवर ठेवलं की ते चार्ज व्हायलाच नकार देतं. बरोबर आहे त्याचं. त्याला आधी गार करावं लागतं, आणि नागपुरात मे महिन्यात गार जागा घरात एकच असते, कूलरच्या तोंडाशी. त्या जागेचे मानकरी ठरलेले आहेत. मधोमध आईंची खुर्ची, उजवीकडे ह्यांची गादी, डावीकडे लेक तिच्या पुस्तकांसह, आणि उरलेल्या फटीतून येईल तो वारा माझा. त्यात मी घड्याळासाठी स्टूल मांडलं. नेमकं मधोमध, वाळ्याच्या ताट्यांतून येणारा पहिला झोत अंगावर घेईल असं. पाण्याचे शिंतोडे उडू नयेत म्हणून पुढे ताटली आडवी. ह्यांनी पेपर खाली केला. "घड्याळाले कूलर," म्हणाले, "आणि माणसांले?" आईंनी मात्र खुर्ची थोडी सरकवून घेतली. आजारी जीव म्हटला की त्या पाघळतात.

चार्जिंगची वेळ हा दुसरा पेच. दिवसा कामावर हवं, सकाळ-संध्याकाळ व्यायामाला हवं, रात्री झोप मोजायला हवं. मग ते जेवणार कधी? उरते आंघोळ. सुदैवाने या बॅटऱ्यांचा स्वभाव असा की रिकाम्या पोटी पहिले टक्के भराभर चढतात आणि ८०च्या पुढे गाडी रेंगाळते. त्यामुळे १०० टक्क्यांचा हट्ट सोडून दोन वेळच्या आंघोळींत थोडं थोडं भरलं तर दिवस निभावतो. फक्त आंघोळी लांबतात. बाहेर ह्यांचा आवाज, "झालं का?" आत मी अंगावर तिसऱ्यांदा साबण लावत, "अठ्ठावन्न!" उन्हाळ्यात तेही कठीण, कारण गच्चीवरच्या टाकीचं पाणी संध्याकाळी असं येतं की त्यात चहापत्ती टाकायची तेवढी बाकी असते.

आई हे सगळं बघत असतात. एकदा म्हणाल्या, "काय वो बाई, घड्याळालेही दोन टाइम जेवाले लागते?" मी म्हटलं, आई, मामाजींच्या एचएमटीला पण रोज चावी द्यावी लागायचीच की. माझा मुद्दा बिनतोड होता. एचएमटीने जपानच्या सिटिझनच्या साहाय्याने १९६१मध्ये बंगळुरात घड्याळं करायला घेतली, आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या भारतीय माणूस सकाळी उठून दात घासायच्या आधी चावी फिरवत आला. मामाजींचं 'जनता' अजून कपाटात आहे, चावी दिली की आजही टिकटिकतं. कंपनीचा घड्याळांचा कारभार बंद करायचं सरकारने २०१६मध्ये ठरवलं, याचा त्या घड्याळाला पत्ताही नाही. आईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हाव, पण त्याची चावी घडीलेच होती. हरवत नव्हती. पोट्टी घेऊन होस्टेलले जात नव्हती."

यावर मला बोलता आलं नाही, कारण त्याच आठवड्यात लेक माझा चार्जर घेऊन मैत्रिणीच्या होस्टेलवर राहायला गेली होती.

काळ्या डायलबद्दल सांगायचं राहिलं. ॲमोलेड पडद्यावर काळा म्हणजे त्या जागचे दिवे बंद, त्याला वीजच लागत नाही. लेकीने मला हलत्या झाडांचा, उडत्या पाखरांचा, सेकंदाकाट्याचा डायल लावून दिला होता. तो काढून मी काळ्यावर बारीक पांढरे आकडे घेतले आणि कायम उजळत राहणारी स्क्रीन बंद केली. फायदा दणदणीत. तोटा असा की महाल भागात एका लग्नात मावससासूबाई माझं मनगट हातात घेऊन म्हणाल्या, "बंद पडली का वो? टाकून का नाही देत?" एवढे पैसे घातलेलं घड्याळ चारचौघांत मेलेलं दिसावं, हे कोणत्याही बाईला सोसण्यासारखं नाही. लग्नकार्यापुरती मी झाडं-पाखरं परत लावते. तेवढा अपव्यय माणसाने करावा.

एवढं सगळं करूनसुद्धा ज्या दिवशी महिनाअखेरचं डिस्पॅच असतं आणि गाड्या रात्री साडेनऊपर्यंत सुटतात, त्या दिवशी घड्याळ दुपारीच मान टाकतं. ऑफिसात चार्जर ठेवावा म्हटलं, तर हा चार्जर दुकानात सुटा मिळता मिळत नाही, आणि दुसऱ्याचा आपल्याला चालत नाही. प्रत्येक कंपनीचं चुंबक वेगळं, खिळे वेगळे. एकाच कंपनीच्या दोन मॉडेलांत सोयरीक जुळत नाही. मी बसमध्ये शोध घेतला. सिंदी मेघे, हिंगणा, मनीषनगर, सगळ्या रूटच्या लोकांची मनगटं तपासली. अकाउंट्सच्या मॅडमचं सारखं दिसत होतं, पण त्यांचं गोल आणि माझं चौकोनी, पत्रिका फिसकटली. शेवटी स्टोअरमधला एक ट्रेनी पोट्टा सापडला. यवतमाळकडचा, खोली करून राहणारा, डब्याची मारामार असलेला. त्याच्या मनगटावर अगदी माझंच घड्याळ, आणि चार्जर ड्रॉवरमध्ये.

पहिल्या दिवशी त्याने कौतुकाने लावून दिलं. दुसऱ्या वेळी मी उपकार नको म्हणून डब्यातली सांबारवडी दिली; सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. हिवाळा होता, सांबार ताजा होता, वडी मलाही चांगली जमली होती. तिथून मग दर ठरत गेला. लंच अवरभर चार्जिंगला दोन वड्या. ओव्हरटाइमच्या दिवशी पाटवडी-रस्सा, आणि रस्सा वेगळ्या डब्यात. उन्हाळ्यात सांबार महागला तेव्हा त्याने कैरीच्या लोणच्यावर समजुतीने घेतलं. अकाउंट्सच्या मॅडम म्हणायच्या, एवढ्यात दुसरं घड्याळ आलं असतं. त्यांना व्यवहार कळत नाही.

परवा तो माझ्या टेबलाशी येऊन जरा चुळबुळत उभा राहिला. "मॅडम," म्हणाला, "मी घडी बदलून राहिलो. नवीन घेतली. चौदा दिवस चालते म्हणते."

माझ्या पोटात गोळा आला. मी त्याला जुन्या घड्याळाचे गुण सांगितले. चौदा दिवस हे खोक्यावरचे असतात, हेही सांगितलं. तो ऐकून घेत होता, पण डोळ्यांत नव्या घड्याळाचं लग्न ठरलेलं दिसत होतं. मग मी मुद्द्यावर आले. "जुना चार्जर विकतो का?"

त्याने थोडा विचार केला. स्टोअरमध्ये राहून पोरं लवकर तयार होतात. "विकत नाही मॅडम," म्हणाला, "भाड्याने देतो ना."

भाडं अजून ठरलेलं नाही. तो पुरणपोळीवर अडून बसला आहे, दर शनिवारी, तुपासकट. मी पाटवडीच्या वर चढायला तयार नाही. तोवर चार्जर त्याच्या ड्रॉवरमध्ये, ड्रॉवरची किल्ली त्याच्या खिशात, आणि महिनाअखेर सोमवारी.